ठिकरीतला रुपया

नाशिक
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रतिभा,

सलाम, नमस्कार, आणि तुझ्या आश्रमशाळेच्या टेकडीवर एकदाची रेंज येवो ही दुआ. तिथं टॉवर पोहोचत नाही म्हणून पत्र लिहितेय, असं मी मुझफ्फरला सांगितलंय. खरं कारण वेगळं आहे. माझा फोन त्याच्या लॅपटॉपला जोडलेला आहे आणि मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर तिकडे उमटतं. नवरा वाईट नाही गं. पण भावजयीबद्दल वाकडा शब्द त्याला खपत नाही, आणि मला आज तिच्याबद्दलच बोलायचंय.

आधी खुशाली. इन्शा सात महिन्यांची झाली. बसते, लोळते, सरपटत जिन्यापर्यंत जाते, आणि माझ्या चष्म्यावर तिचा कायमचा डोळा आहे. दिवाळीच्या सुट्टीबरोबर माझी रजाही संपली, त्यामुळे शाळा सुरू. नववीच्या मुली म्हणाल्या, मॅडम, तुम्ही किती गोड दिसायला लागल्या. याचा अर्थ जाड, हे तुला सांगायला नको.

शाळेत दूध काढायला जागा नाही. मुख्याध्यापकांना विचारलं तर ते आधी लाल झाले, मग म्हणाले, प्रयोगशाळा बघा. तर मधल्या सुट्टीत मी तिथं हातपंप घेऊन बसते आणि समोर हाडांचा सांगाडा उभा असतो. मुलांनी त्याचं नाव बंटी ठेवलंय. दाराबाहेर सावळीराम शिपाई राखण करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, मॅडम नमाजाला बसल्यात. एवढी नमाजी मी उभ्या आयुष्यात नव्हते. पण चाललंय. दूध भरपूर येतं. बाटल्या भरून घरी आणते, फ्रिजमध्ये ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी त्या इन्शाबरोबर खाली जातात.

खाली म्हणजे जहिदा भाभीकडे. माझी मोठी जाऊ. खालच्या मजल्यावर ती, सलाउद्दीन भाईजान आणि त्यांचा दीड वर्षाचा, अजून अंगावर पिणारा हुजैफा राहतात, वर आम्ही. मी शाळेत असते तेव्हा इन्शा तिच्याकडे. सगळे म्हणतात, नशीब काढलंस, घरातलंच माणूस मिळालं. मीही मान हलवते. पण प्रतिभा, कुठंतरी पाणी मुरतंय.

मी संध्याकाळी घामाघूम येते तेव्हा इन्शा भुकेली नसते. बाकीच्यांची लेकरं आई दिसली की झेप घेतात म्हणे. ही भाभीच्या खांद्यावर गाल टेकून माझ्याकडे असं बघते, जसं काही मी मीटर बघायला आले आहे. जवळ घेतलं की तोंड फिरवते. तिच्या टोपीला भाभीच्या ओढणीचा वास येतो. भाभी काही बोलत नाही, ती मुळात बोलतच नाही. साड्यांना फॉल लावत बसते आणि सुई दातात धरून हसते. दातात सुई धरून हसणाऱ्या बाईवर माझा विश्वास बसत नाही.

तू म्हणशील, वसतिगृहात साबणाच्या वडीवर स्वतःचं नाव कोरणारी मुलगी, हिचं काय ऐकायचं. कबूल. पण तो साबण झिजत होता, हेही खरं होतं.

आणि यामागे एक कारण असावं असं मला वाटतं. तुला ठिकरीची गोष्ट सांगितली होती का? सासूबाईंच्या मालेगावच्या घराण्यात जुनी रीत आहे. मुलगी जन्मली की तिच्या पहिल्या आंघोळीच्या मातीच्या भांड्यात, म्हणजे ठिकरीत, नात्यातली बाई रुपया टाकते. रुपया पडला की मुलगी त्या घरची झाली, तिचं लग्न तिथंच. इन्शा झाली तेव्हा दवाखान्यात ठिकरी कुठून येणार? सासूबाईंनी चांदीचा रुपया नर्सच्या स्टीलच्या ट्रेमध्येच टाकला आणि म्हणाल्या, ही माझ्या हुजैफाची. नर्सला वाटलं बक्षीस. तिनं लाजत लाजत उचलला आणि सासूबाईंनी तो तिच्या मुठीतून काढून परत ट्रेमध्ये ठेवला. मी टाके पडलेल्या अवस्थेत हसले होते.

मुझफ्फर हसला नाही. तो म्हणाला, अम्मीचा शब्द आहे.

तेव्हापासून मला वाटतं, भाभी इन्शाला पुतणी म्हणून सांभाळत नाही. सून म्हणून आत्तापासून ताब्यात घेतेय.

पत्राचं उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
रुखसार

---

नाशिक
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय प्रतिभा,

तुझं पत्र सावळीरामनं सगळ्या स्टाफरूमसमोर दिलं आणि ‘हल्ली पत्र येणारं एकच माणूस’ म्हणून माझी ओळखही करून दिली. तुझ्या घरच्या शेवंतीला भाव मिळाला हे वाचून बरं वाटलं. बाकी तू लिहिलेलं पटलं नाही. ‘मूल रमतंय तर रमू दे, तुला काय टोचतंय ते आधी बघ,’ हे लिहायला सोपं आहे.

टोचतंय ते सांगते.

आमच्या शाळेतल्या ज्योत्स्नानं तिच्या घरी बल्बमधला कॅमेरा लावलाय. चहा पिता पिता फोनवर मोलकरणीला बघते. तिच्या सल्ल्यानं मीही एक मागवला आणि ‘भाभी, चांगला उजेड देतो’ म्हणून खाली नेऊन दिला. भाभीनं तो घेतला, निरखून पाहिला, आणि न्हाणीघरातला बल्ब गेलाय म्हणून तिथं लावला. जिथं भाईजान आंघोळीला जातात तिथं. मी फोनमधून ते ॲप एखाद्या पालीसारखं झटकून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ‘माल खराब निघाला’ म्हणून बल्ब परत घेऊन आले. देताना भाभी सुई दातात धरून हसली. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग मी बाटल्यांवर लक्ष ठेवलं. रोज रिकाम्या येतात, धुऊन, उपड्या. पण रिकामी बाटली म्हणजे प्यायलेलं दूध नव्हे. आमच्या अंगणात एक मांजर आहे, भुरी. पावसाळ्यात तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. आता पाहावं तर तुकतुकीत, चालताना पोट डावीउजवीकडे हलतं. परवा मी लवकर निघताना पाहिलं, भाभीच्या दाराशी वाटी होती आणि भुरी डोळे मिटून दूध पीत होती. मांजर डोळे मिटून पितं, पण मी उघडे ठेवून बघत होते. वाटीत आमच्या गवळ्याचं दूध नव्हतं. मला वासावरून कळलं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी बंटीसमोर नुसतीच बसून राहिले. हल्ली तशी कमीच बसते.

घरी मात्र मी काही विचारलं नाही. का, ते विचारू नकोस. विचारलं असतं तर तिनंही मला काही विचारलं असतं.

दरम्यान मालेगावहून फोन आला. सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी त्यांना ठिकरीचा शब्द पक्का करायचाय. सात डिसेंबरला मोठे मामू, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आणि नात्यातली चार माणसं घेऊन त्या इथं येणार, अंगठी घालणार, दुआ होणार. मी मुझफ्फरला म्हटलं, अरे, ती अजून रांगते. तो म्हणाला, लग्न उद्या थोडंच आहे. मी म्हटलं, मोठी होऊन नको म्हणाली तर? त्यावर तो म्हणाला, जहिदा भाभीचीही ठिकरीच होती, तिनं कधी तक्रार केली? मग खालच्या आवाजात म्हणाला, अम्मीचं हृदय आहे गं, ऑपरेशनच्या तोंडावर तिला नाही कसं म्हणू. मी भाजी चिरत राहिले.

भाभीच्या ठिकरीचं मला माहीत होतं, पण असं कधी डोक्यात उतरलं नव्हतं. सासूबाई भाभीच्या सख्ख्या मावशी. भाभी जन्मली तेव्हा त्यांनीच तिच्या ठिकरीत रुपया टाकला होता.

आता कालचं. काल शनिवार, सकाळची शाळा. दुपारी घरी आले तर खालचं दार अर्धं उघडं. आत भाभी भिंतीला टेकून बसली होती. हुजैफा शेजारी झोपला होता. आणि तिच्या पदराखाली इन्शा होती.

झोपलेली नव्हती. पीत होती. एक हात वर करून भाभीच्या बांगड्यांशी खेळत, जशी ती पूर्वी माझ्या बांगड्यांशी खेळायची.

भाभीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दचकली नाही, पदर सावरला नाही. मी वर निघून आले आणि बुरखा न काढता पलंगावर बसले. भूक लागलेल्या लेकराला कुणी पाजलं तर त्यात काय, असं तुला वाटेल. तुमच्यात ते फक्त पाजणं असेल. आमच्यात ज्या बाईचं दूध मूल पितं, ती त्याची आई होते. म्हणायची नव्हे, धर्मानं. तिची लेकरं त्याची सख्खी भावंडं होतात. एकदा झालं की ते पुसता येत नाही.

म्हणजे माझी मुलगी माझ्या माघारी, मी सातवीला समास शिकवत असताना, दुसऱ्या कुणाची मुलगी झाली, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तू पहिली.

रुखसार

---

नाशिक
शुक्रवार, १२ डिसेंबर

प्रिय प्रतिभा,

तुझी दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. रागावू नकोस. आज सगळं सांगते, आणि आधी ते सांगते जे मी पहिल्या पत्रापासून गाळत आले.

माझं दूध आटलं. शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत. बंटीसमोर बसून हात दुखेपर्यंत पंप मारला तरी बाटलीचा तळ झाकत नसे. तुला ‘भरपूर येतं’ लिहिलं तेव्हाच ते कमी होत चाललं होतं. नोकरीवर जाशील तर दूध जाईल, असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, जाणार नाही. मग मी डब्याची पावडर आणली. डबा प्रयोगशाळेच्या कपाटात, आम्लांच्या बाटल्यांमागे लपवला. तिथंच दूध कालवायचं आणि माझं म्हणून घरी आणायचं. सावळीराम बाहेर माझी नमाज राखत होता आणि मी आत हे करत होते. भुरीनं प्यायलं ते माझं दूध नव्हतंच, डब्याचं होतं. वास म्हणूनच ओळखीचा होता. ताकाला जाऊन भांडं मीच लपवत होते, आणि संशय भाभीवर.

त्या शनिवारनंतर मी इन्शाला खाली सोडायची, पण उंबऱ्यावरूनच वळायची. मंगळवारी भाभी स्वतः वर आली. फॉल लावायची साडी हातात होती, सुई नव्हती. ती मालेगावी उर्दूत बोलते, मी तुला आपल्या भाषेत सांगते.

“शनिवारी तुझी शाळा सकाळची असते, हे मला माहीत नाही का?” ती म्हणाली. “दार मीच उघडं ठेवलं होतं.”

मी विचारलं, का?

तिनं सरळ सांगितलं. बाटलीतलं दूध माझं नाही, हे तिला झाकण उघडताच कळलं होतं. इन्शा ते तोंडात धरत नसे, थुंकायची, रडून निळी व्हायची. एका दुपारी तिला राहवलं नाही आणि तिनं छातीशी घेतलं. ते भुकेसाठी. पण इन्शा पिऊन झोपली आणि भाभीच्या लक्षात आलं की आता ही हुजैफाची बहीण झाली. बहिणीशी निकाह होत नाही. सासूबाईंचा रुपया, मामूंची दुआ, कशाचाही इलाज नाही. त्यानंतर ती जाणूनबुजून पाजत राहिली.

“मला बोलता येण्याआधी मी कुणाची तरी झाले होते,” ती म्हणाली. “तुझे भाईजान चांगले आहेत. पण मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. एवढं तरी माणसाला ठाऊक असावं.”

मी म्हटलं, मग सासूबाईंना, तुझ्या खालाला, तूच सांग. ती म्हणाली, मी सांगितलं तर म्हणतील, हिला पुतणी सून म्हणून नको, म्हणून बनाव करते. एकट्या बाईच्या बोलण्यानं भागत नाही, पाहिलेलं माणूस लागतं. आणि मुलीची आई म्हणाली की मी पाहिलं, तर कोण खोटं म्हणेल? कुठली आई असं आपणहून सांगेल?

ती गेल्यावर मी आठवडाभर तिच्यात खोट शोधत होते. माझा स्वभाव तुला माहीत आहे. ही इन्शाला सोडवतेय की स्वतःच्या हुजैफाला? त्याच्यासाठी तिच्या मनात मोठ्या घरची मुलगी असेल. की हे सगळं नंतर रचलंय आणि तिला फक्त माझं मूल हवं होतं? तिला हुजैफाच्या पाठीवर मुलगी हवी होती, हे मला माहीत आहे. एकेक शंका मी उलटीसुलटी करून पाहिली. सगळ्या खऱ्या असू शकत होत्या. आणि तरीही मला जे करायचं होतं ते बदलत नव्हतं.

कठीण हे होतं, प्रतिभा: ते बोलले की इन्शा माझ्या एकटीची राहणार नव्हती. गप्प राहिले असते तर भाभी तिची चुलती राहिली असती, पुढं सासू झाली असती. आणि तशी अंगठी घालणं धर्मानं पाप ठरलं असतं, हे माहीत असणाऱ्या आम्ही दोघीच. बोलले तर भाभी तिची आई. माझ्याच तोंडानं, चार माणसांत.

रविवारी सगळे आले. बिर्याणीचा हंडा, मालेगावची माणसं, सासूबाई धापा टाकत पण नवा शरारा घालून. इन्शाला त्यांनी मांडीवर घेतलं. स्टीलच्या ताटलीत अंगठीची डबी आणि तोच चांदीचा रुपया. मोठ्या मामूंनी दुआला हात उचलले.

मी दारात उभी होते. म्हटलं, “मामू, थांबा. इन्शानं जहिदा भाभीचं दूध प्यायलंय. मी पाहिलंय.”

मामूंचे हात तसेच वर राहिले. मुझफ्फरनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, हा आता घराबाहेर काढतो. सासूबाई म्हणाल्या, हिच्याजवळ स्वतःचं दूध असताना ही दुसरीचं कशाला पाजेल, खोटं आहे. तेव्हा तेही सांगावं लागलं. सगळ्यांसमोर. माझं आटलंय, मी पावडर पाजत होते. हे बोलताना मला सगळ्यात जास्त लाज वाटली आणि बोलून झाल्यावर सगळ्यात कमी.

मामूंनी भाभीला विचारलं. ती हो म्हणाली. मग ते म्हणाले, दोन्ही बाया घरातल्याच, आणखी कुणी पाहिलंय का?

तेव्हा कोपऱ्यातून सलाउद्दीन भाईजान, जे आईसमोर कधी मान वर करत नाहीत, ते म्हणाले, “मी पाहिलंय. दुपारी जेवायला घरी आलो होतो तेव्हा.”

मामूंनी हात खाली घेतले. म्हणाले, मग ही भावंडं आहेत, विषय संपला.

भाईजानांचं दुकान भद्रकालीत आहे. मी या घरात आल्यापासून ते दुपारी जेवायला घरी आलेले मला आठवत नाहीत, भाभी रोज डबा पाठवते. त्या एका दिवशी आले असतील. साबणावर नाव कोरणाऱ्या तुझ्या मैत्रिणीनं ही एक गोष्ट कुणाला विचारलेली नाही, आणि विचारणारही नाही.

सासूबाईंनी डबी मिटली. माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘ऑपरेशनला जवळ कुणी हवं’ म्हणून भाभीला आणि हुजैफाला मालेगावला घेऊन गेल्या. परत कधी पाठवतील, ते सांगितलं नाही. भाभीनं जाताना इन्शाला उचलून घेतलं नाही, लांबूनच पाहिलं. उचललं असतं तर निघवलं नसतं, हे मला दिसलं. पहिल्यांदाच मी तिच्याकडे पाहून काही तरी नक्की सांगू शकले.

आता मी बिनपगारी रजेवर आहे. खालचं दार बंद आहे. इन्शा सरपटत जिन्याच्या फाटकापर्यंत जाते आणि गजांतून खाली बघत बसते. मी डब्याचं दूध आता उघड ओट्यावर कालवते. थोडं पिते, थोडं थुंकते. भुरी दाराशी येऊन वाटी नाही म्हणून माझ्याकडे रागानं बघते. मुझफ्फर चार दिवस बोलला नाही. काल त्यानं न सांगता बाटली धुऊन ठेवली.

चांदीचा रुपया ताटलीतच राहिला. तो कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येईना, म्हणून फ्रिजवर पडून आहे.

उद्या मी इन्शाला घेऊन मालेगावला जातेय. सासूबाईंना भेटायला, असं सगळ्यांना सांगितलंय. मुझफ्फर म्हणाला, चांदवडला माहेरी उतरू नकोस, सरळ जा, अंधार लवकर पडतो. म्हणजे मी भाभीला आणायला जातेय, हे त्याला कळलंय. सासूबाईंना त्यांचा रुपया परत देणार आहे, आणि त्यांच्या मांडीवर नात ठेवून सांगणार आहे की लेकीला तिच्या आईपासून इतके दिवस लांब ठेवणं बरं नव्हे. त्या विचारतील, कुठली आई? तेव्हा काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. कदाचित भाभीकडे बोट दाखवीन. बोट दाखवताना मला दुखेल, ते तुला आत्ताच सांगून ठेवते.

ती मला आवडायला लागलीय असं समजू नकोस. दातात सुई धरून हसली तर मी अजूनही दोनदा बघीन. पण इन्शा मोठी झाली आणि कुणाला हो किंवा नाही म्हणाली, तर तो शब्द तिचा असेल. तो तिला आम्ही दोघींनी मिळून पाजलाय. भाभीचा वाटा माझ्यापेक्षा जास्त, हे मान्य करायला मला हे अख्खं पत्र लागलं.

तुझी,
आणि इन्शाची एक आई,
रुखसार